साडूभाऊंची पंखवाली

आमच्या साडूंइतकं चांदीवर निरपेक्ष प्रेम केलेला माणूस उभ्या सुरतेत दुसरा झाला नाही, हे मी कुणापुढेही शपथेवर सांगेन. पण त्यांच्याबद्दल लिहायला बसणं मी गेली दहा-बारा वर्षं टाळत आलो. कुणी त्यांचा विषय काढला की मी त्यांच्या हातमोज्यांची गोष्ट सांगायचो, लोक हसायचे, आणि त्या हसण्यात पुढची गोष्ट राहून जायची. राहून जायची म्हणजे मी ती राहू द्यायचो. आता माझी अठ्ठ्याहत्तरी उलटली, साडू गेले, आणि हातमोज्यांची गोष्ट सांगायचा मला वीट आला आहे. तेव्हा आज सगळंच सांगतो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे, शालूचे, यजमान. दोघी बहिणी धरणगावच्या, आणि दोघींचं नशीब सुरतेला. मी इथल्या मराठी शाळेत मास्तर, म्हणून साडू मला 'गुरुजी' म्हणायचे. ते जरीच्या कारखान्यात तार ओढायला होते. चांदीची कांब घ्यायची, ती भोकातून ओढायची, मग आणखी बारीक भोकातून, मग त्याहून बारीक, असं करत शेवटी केसाहून बारीक तार काढायची. ती पुढे चपटी होऊन रेशमावर चढते आणि कुणाच्या तरी साडीच्या पदरात जाते. साडूंनी हे काम छत्तीस वर्षं केलं. "गुरुजी," ते म्हणायचे, "सकाळी हातात मनगटाएवढी चांदी असते, संध्याकाळी दिसायचीसुद्धा बंद होते. माझ्या डोळ्यांदेखत रोज चांदी मरते. एखादी तरी अशी पाहिजे की जिला कुणी ओढणार नाही." म्हणून त्यांना नाणी हवी होती.

पहिलं नाणं त्यांना भागळच्या एका सराफाकडे दिसलं. परदेशात स्थायिक झालेल्या कुणा कुटुंबाने सुट्टीत येताना आणलेलं आणि मोडीत दिलेलं. मेक्सिकोच्या सरकारी टांकसाळीत पाडलेलं, तळहातात भरेल एवढं. एका बाजूला निवडुंगावर बसून साप खाणारा गरुड, दुसऱ्या बाजूला पंख पसरलेली एक बाई आणि तिच्या मागे डोंगर. सराफ म्हणाला, "काका, आ तो गाळवानो माल छे." गाळायचा माल हे शब्द ऐकून साडू तिथेच दुकानाच्या पायरीवर बसले. त्या दिवशीची हजेरी बुडाली, पण ते नाणं वजनाच्या भावाने घेऊनच उठले. तेव्हापासून त्या सराफाला त्यांनी सांगून ठेवलं की परदेशी चांदीचं नाणं भट्टीत जायच्या आधी मला निरोप द्यायचा. सराफही चांगला माणूस. तो खरंच निरोप द्यायचा, आणि साडू पोरगी पळवून आणावी तसं ते नाणं छातीशी धरून सिटी बसने गोडादऱ्याला घरी न्यायचे.

त्यात त्यांचा एक नियम होता. नाणं त्या देशाच्या स्वतःच्या सरकारी टांकसाळीतच पाडलेलं पाहिजे. खाजगी कंपनीचं असेल तर ते कितीही सुरेख असो, ते त्याला 'बिल्ला' म्हणायचे. एकदा कुठल्याशा समुद्रातल्या बेटाचं नाणं आलं. त्यावर सुंदर कासव होतं. चौकशीत कळलं की त्या बेटाला टांकसाळच नाही, नाणी दुसरा देश पाडून देतो. साडूंनी कासव परत केलं. म्हणाले, "पीठ यांचं, चूल शेजारणीची. अशी भाकरी आपण खात नाही." कासव भट्टीत गेलं आणि साडू दोन दिवस जेवले नाहीत, पण नियम मोडला नाही.

मेक्सिकोवर मात्र त्यांचा विशेष जीव. हा माणूस इकडे धरणगावच्या आणि तिकडे वापीच्या पलीकडे कुठे गेलेला नव्हता. पण तिकडे भूकंप झाल्याची बातमी टीव्हीवर लागली की माझा फोन वाजायचा.

"गुरुजी, टांकसाळ कोणत्या बाजूला आहे?"

"मला काय ठाऊक, साडूभाऊ?"

"भूगोल शिकवायचात ना?"

आता हातमोजे. नाण्याला बोट लावायचं नाही, कडेवर धरायचं, हा नाणी जमवणाऱ्यांचा धर्मच आहे म्हणे. साडूंनी तो इतका अंगी बाणवला की ते जगातली प्रत्येक गोष्ट कडेनेच धरू लागले. ताट कडेने, फोटो कडेने, रेशनकार्ड कडेने. भाकरीसुद्धा दोन बोटांनी कडेला धरून फिरवत फिरवत खायचे. आमची मुलगी झाली तेव्हा तिलाही त्यांनी दोन्ही काखांच्या कडेने असं उचललं की सुईण हसली. पुढे कुणीतरी सांगितलं की पांढरे सुती मोजे घालावेत. ते त्यांना वाहतूक पोलिसांचे कपडे शिवणाऱ्या दुकानात मिळाले. मोजे चढवून, भिंग घेऊन ते दारात उजेडाला बसायचे. गल्लीतली नवीन माणसं त्यांना पोलीस समजून स्कूटर उतरून ढकलत न्यायची. ही ती गोष्ट. अजूनही लोक हसतात.

पण त्यांचं खरं वेड वेगळंच होतं. चकचकीत चांदी त्यांना बघवत नसे. चांदी वर्षानुवर्षं ठेवली की तिच्यावर हळूहळू रंग चढतो. आधी पिवळसर, मग तांबूस, कडेला निळा, शेवटी काळा. आपण त्याला मळ म्हणतो, ते त्याला चांदीचं वय म्हणायचे. "नाणं घासायचं म्हणजे म्हाताऱ्याच्या सुरकुत्या रंध्याने काढायच्या," असं मला त्यांनी शंभरदा ऐकवलं असेल. हा आकडा मी मुद्दाम देतोय. मला माहीत नव्हतं असं म्हणायची मी सोय ठेवलेली नाही. अर्थात म्हातारपण यावं पण घाईने येऊ नये, म्हणून चांदी लवकर काळी करणाऱ्या गोष्टी त्यांनी घरातून हद्दपार केल्या. रबर बँड गेले. अंडी गेली. मग कांदा-लसणाची पाळी आली, तेव्हा शालू कंबरेला पदर खोचून उभी राहिली. खानदेशातली बाई, वांग्याच्या भरितात लसूण नाही म्हणजे काय. "त्यापेक्षा जैन साधूंसारखी दीक्षाच घ्या ना," ती म्हणाली, "मी रोज गोचरी वाढेन." शेवटी तह झाला. लसूण मागच्या खोलीत, नाणी पुढच्या.

धनत्रयोदशीला तर दरवर्षी तमाशा. सगळी सुरत त्या दिवशी चांदीची नाणी दुधाने धुते. शालू म्हणायची, घरात एवढी चांदी असून माझ्या पाटावर एक नाणं नाही. साडूंनी तोड काढली. स्टुडिओत जाऊन नाण्याचा मोठा रंगीत फोटो काढून आणला आणि म्हणाले, "लक्ष्मीचा फोटो चालतो ना तुला? मग नाण्याचाही चालव." शालूने कपाळावर हात मारला, आणि पुढची सगळी वर्षं त्या फोटोला कुंकू लावलं.

एका थंडीत मात्र तिचा संयम सुटला. ही हकिगत मला त्या वेळी अर्धीच कळली होती. उरलेली कशी कळली ते पुढे येईलच. शालूने भरीत करायला घेतलं होतं. वांगी भाजून झाली, ती पाट्यावर मिरची-लसूण वाटत होती, आणि साडू पुढच्या खोलीत पंखवालीला भिंगातून न्याहाळत बसले होते. तीन हाका झाल्या. चौथ्या हाकेऐवजी शालू स्वतःच आली. "दखू तं, कोन शे ती इतली, जिच्यासाठी जेवण थंड व्हतंय," म्हणत तिने लसणाच्या ओल्या हाताने नाणं उचललं आणि पंखवालीच्या तोंडावर अंगठा असा दाबला की जणू तिचा गळाच धरला. साडू किंचाळले म्हणे. नाणं कापडाने टिपलं, पण उपयोग नव्हता. मग तीन दिवस नवरा-बायकोत बोलणं नाही. चौथ्या दिवशी आमची ही गोडादऱ्याला जाऊन दोघांना एका ताटात जेवायला बसवून आली.

काही महिन्यांनी त्या जागी फिकट तपकिरी ठसा उमटला. साडूंनी ते नाणं ओळीतून काढून बाजूला टाकलं, नासलं म्हणून. पुढच्या वर्षी शालूला कावीळ झाली, ती पोटात उतरली, आणि पंधरा दिवसांत शालू गेली. एकुलती मुलगी लग्न होऊन बारडोलीला होती. साडू एकटे पडले. आणि तो ठसा मात्र दर वर्षी गडद होत गेला. अंगठ्यावरची एकेक रेघ, मधला भोवरा, विळीने कापलेल्या जुन्या जखमेची आडवी खूण, सगळं चांदीत उतरलं. जगातल्या कुठल्याही संग्राहकाने जे नाणं फेकून दिलं असतं, ते साडूंनी शालूच्या खणाच्या कापडात गुंडाळून सगळ्या नाण्यांच्या वर ठेवलं. कुणाला बोलले नाहीत. फक्त माझ्या बायकोला एकदा दाखवलं. तिला ते 'अक्का' म्हणायचे. "अक्का, ही बघा तुमची बहीण," एवढंच म्हणाले. तिने ते मला सांगितलं नाही. मी मास्तरकीने काहीतरी बोलेन, अशी तिला भीती असणार.

शालू गेल्यावर साडू दर गुरुवारी आमच्याकडे जेवायला यायचे. दोघी बहिणींच्या हाताला एकच चव. भरिताचा पहिला घास घेतला की ते डोळे मिटायचे आणि बराच वेळ उघडायचे नाहीत. मी म्हणायचो, "झोपलात की काय?" ही मला डोळ्यांनी दटावायची. बाकी आठवडा ते खाणावळीचा डबा खायचे. त्या गुरुवारांवर हा माणूस जगत होता, हे मला आज कळतंय.

पावसाळ्यात खाडी भरली की गोडादऱ्यात त्यांच्या तळमजल्यात पाणी शिरायचं. म्हणून आषाढ लागला की नाण्यांचा डबा उधन्याला, आमच्या तिसऱ्या मजल्यावर, माझ्या पुस्तकांच्या कपाटात मुक्कामाला यायचा आणि दसऱ्याला माहेरवाशिणीसारखा परत जायचा. त्या वर्षी लग्नसराईच्या ऑर्डरी होत्या, साडूंना सुट्टी मिळाली नाही, आणि डबा दिवाळीपर्यंत राहिला.

धनत्रयोदशीची सकाळ होती. ही पणत्या आणायला बाजारात गेली होती. मी रिकामा. रिकाम्या मास्तरासारखं घातक जनावर नाही. चाळीस वर्षं मी पोरांची नखं तपासली, कॉलर तपासली, कानामागचा मळ काढायला लावला. मी डबा उघडला आणि सगळ्यात वर, खणात गुंडाळलेलं ते डागाळलेलं नाणं पाहिलं. मला वाटलं, बघा, बायको गेल्यावर माणूस कसा आळशी होतो. शंभरदा ऐकलेलं सगळं आठवत होतं. तरी वाटलं, हे वेड कुणीतरी एकदा उतरवलं पाहिजे. आज एवढा सणाचा दिवस, त्यांना चकित करू. आमच्याकडे देवाची चांदी रांगोळीने घासतात. मी बशीत रांगोळी घेतली, फडकं ओलं केलं, आणि पंधरा मिनिटं मन लावून घासलं. डाग चिवट होता. तो जाईपर्यंत मी सोडलं नाही. हातात घेतलेलं काम अर्धवट टाकायचं नाही, हे मी पोरांना शिकवायचो.

ही परत आली. मी नाणं तिच्यापुढे धरून म्हणालो, "बघ, आरसा केला."

तिने नाण्याकडे पाहिलं, मग उघड्या डब्याकडे, मग खणाकडे. "त्यात गुंडाळलं होतं तेच का?"

"तेच. सगळ्यात घाण तेच होतं."

पणत्यांची पिशवी तिथेच ठेवून ती खाली बसली. तिने रांगोळीची बशी जवळ ओढली. राखाडी झाली होती रांगोळी. मग म्हणाली, "तो शालूचा अंगठा होता हो." आणि मला सगळी हकिगत सांगितली. ती आधी का सांगितली नाही, असं मी तिच्यावरच ओरडलो.

संध्याकाळी साडू आले. नवा सदरा घातला होता, मुलीने पाठवलेला. जेवून डबा घेऊन जायचं ठरलं होतं. आल्या आल्या त्यांनी डबा उघडला. मोजे चढवायच्या आधीच त्यांना ते दिसलं. चकाकत होतं ना. त्यांनी नाणं कडेने उचललं, खिडकीपाशी नेलं, तिरकं केलं, सरळ केलं. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "गुरुजी, हे कोणी केलं?"

मी माझ्या खुर्चीत होतो. ही स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी. मी म्हणालो, "हिनं घासलं. सण म्हणून. बायकांना काय कळतंय त्यातलं."

हे वाक्य मी बोललो. ते कसं आलं, कुठून आलं, हे मी इतकी वर्षं शोधतोय. माझ्या अंगात कुठेतरी ते तयारच असणार, नाहीतर इतकं सहज आलं नसतं.

हिने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग साडूंकडे वळून म्हणाली, "चुकलं माझं, भाऊ."

साडूंनी ते नाणं कडेवरून सोडलं, उघड्या तळहातावर पडू दिलं आणि मूठ मिटली. तीस वर्षांत मी त्यांना असं करताना पहिल्यांदा पाहिलं. "आता काय," ते म्हणाले, "आता कसंही धरलं तरी चालतं." त्या दिवशी ते जेवले. आमच्या पाया पडले. डबा घेऊन गेले. पुढच्या गुरुवारी आले नाहीत. त्यानंतर कधीच आले नाहीत. पुढच्या पावसाळ्यात डबा कुठे ठेवला, मला माहीत नाही.

मी प्रयत्न केले. तीनदा बसने गोडादऱ्याला गेलो आणि तीनदा चांदीचा भाव, गुडघेदुखी आणि खाडीतले डास या विषयांवर बोलून परत आलो. एकदा पत्र लिहिलं. त्यातलं शुद्धलेखन तपासता तपासता ते इतकं नेटकं झालं की माफीपत्राऐवजी रजेचा अर्ज वाटू लागलं. फाडलं. दर धनत्रयोदशीला ही पणत्या लावून झाल्या की मला एकच विचारायची, "सांगितलं का?" आवाजात राग नसायचा. गृहपाठ न केलेल्या पोरासारखा मी खाली बघायचो. "सांगेन," म्हणायचो. ती पुढची पणती लावायला घ्यायची.

दोन वर्षांपूर्वी उधन्यात एका लग्नात साडू शेजारच्या खुर्चीवर आले. खूप वाळले होते. मी सगळा जीव गोळा करून सुरुवात केली. "साडूभाऊ, त्या नाण्याचं जरा…"

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "सोडा, गुरुजी. मी तेव्हाच सोडलं. अक्कांना त्यावरून कधी बोलू नका. सणाच्या घाईत, नकळत, बहिणीचाच अंगठा त्यांच्या हातून गेला, त्यांना किती लागलं असेल. मी येत नाही ते एवढ्यासाठीच. मला पाहिलं की त्यांना ते आठवणार. उगीच त्यांच्या जिवाला त्रास."

म्हणजे ते रागावून दूर राहिले नव्हते. माझ्या बायकोला लाज वाटू नये म्हणून त्यांनी ते गुरुवार सोडले होते, ती चव सोडली होती. आणि तिला लाज वाटायचं काही कारणच नव्हतं. मला फक्त सहा शब्द बोलायचे होते. तेवढ्यात नवऱ्या मुलाचे काका फोटोसाठी बोलवायला आले, आणि मी, देवाशप्पथ सांगतो, सुटल्यासारखा उठलो.

गेल्या वर्षी साडू गेले. झोपेतच गेले. महिन्याभराने त्यांची मुलगी बारडोलीहून आली आणि हिच्या हातात तो खण ठेवून म्हणाली, "मावशी, बाबांनी सांगितलं होतं, हे अक्कांना द्यायचं. त्यांची बहीण आहे ती." हिने खण उलगडला. नाणं आता चकाकत नव्हतं. पंखवालीच्या तोंडावर, पूर्वी होता त्याच जागी, अंगठ्याचा तपकिरी ठसा होता. रुंद, खडबडीत. तार ओढून ओढून घासल्यामुळे रेघा मधेमधे पुसलेल्या. साडूंचा.

मुलगी म्हणाली, बाबा शेवटी शेवटी स्वतःच भरीत करायचे. आईसारखं जमत नाही म्हणायचे, तरी दर गुरुवारी लसूण वाटायचे आणि हात धुवायच्या आधी हे नाणं धरून बसायचे.

ते नाणं आता आमच्या देवघरात आहे. या धनत्रयोदशीला हिने त्याला दूध लावलं नाही, रांगोळी लावली नाही, नुसतं एक फूल वाहिलं. मला काही विचारलंही नाही. विचारायचं आता कुणासाठी?

तेव्हा तिने न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर इथेच लिहून ठेवतो. शुद्धलेखन तपासणार नाही. साडूभाऊ, नाणं अक्कांनी नाही घासलं, मी घासलं. तुम्ही गुरुवारी जेवायला येत चला.